गुळवेल दारी असावी, काढा मात्र विचारून

२०२० च्या उन्हाळ्यातले ते दिवस आठवतात? रस्ते ओस पडलेले, बाजार बंद, दूधवाल्याने दारात ठेवलेली पिशवी उचलतानाही हात धजत नसे. त्या दिवसांत दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगावच्या घराघरांतून सकाळी चहाच्या आधी एक वेगळाच कडसर वास येऊ लागला होता. गॅसवरच्या पातेल्यात बोटभर लांबीचे हिरवट तुकडे, चार मिरे, आले आणि तुळशीची पाने रटरटत असत आणि स्वयंपाकघरातून फर्मान सुटे, "आधी काढा, मग चहा!" मुले नाके मुरडत, सूनबाई मुकाट्याने पेला रिकामा करीत आणि "अहो, तुमचा राहिला बरं का," म्हणत सासूबाई सासऱ्यांच्या मागे लागत.

ते तुकडे होते गुळवेलीचे. दिल्लीत तिला गिलोय म्हणतात. इथेच लहानाच्या मोठ्या झालेल्या मराठी मुलांना गुळवेल म्हटले तर क्षणभर विचार करावा लागतो, गिलोय म्हटले की लगेच ओळख पटते. गिलोयचे नाव दिल्लीत नवे नव्हतेच. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा गिलोय आणि तुळस यांचा बोलबाला झाला होता. २०१५ साली डेंग्यूने आणि पुढच्याच वर्षी चिकनगुनियाने शहराला जेरीस आणले, तेव्हा पपईच्या पानांच्या रसाबरोबर गिलोयचा रसही घरोघरी पोहोचला. पण कोरोनाने जे केले ते आधीच्या कुठल्याही साथीने केले नव्हते. पूर्वी आजारी माणूस काढा घेई, आता धडधाकट माणसे रोज काढा पिऊ लागली. आणि तोही महिनोन्महिने.

याला सरकारी पाठबळही होते. सरिता विहारमधील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेने दिल्ली पोलिसांसाठी 'आयुरक्षा' नावाचा उपक्रम राबवला. सुमारे ८० हजार पोलिसांसाठी तयार केलेल्या त्या संचात आयुष काढा आणि अणुतेल यांच्या जोडीला संशमनी वटी होती, आणि संशमनी वटी म्हणजे गुळवेलीच्याच गोळ्या. दिवसभर रस्त्यावर उभ्या असणाऱ्या पोलिसाला जे दिले जाते, ते आपल्या घरच्यांना का देऊ नये, असे एखाद्या गृहिणीला वाटले तर त्यात तिचे काय चुकले?

मात्र त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृतरोगतज्ज्ञ डॉ. आभा नगराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे कावीळ झालेले काही रुग्ण आले. दारू नाही, काविळीचा विषाणू नाही, यकृताला बाधेल असे दुसरे औषध नाही. खोदून खोदून विचारल्यावर सहा जणांच्या बोलण्यात एक समान धागा निघाला. हे सगळे प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेल घेत होते.

अमृता, छिन्नरुहा, वत्सादनी

ही वेल आहे तरी कशी, हे आधी पाहू. शास्त्रीय भाषेत टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. कॉर्डिफोलिया म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची. पान तळहाताएवढे, गुळगुळीत, लांब देठाचे. खोडावर पातळ, कागदासारखी तपकिरी साल असते. नखाने ती सोलली की आत हिरवेगार खोड दिसते. बोटाएवढ्या जाड खोडाचा आडवा काप घेतला तर मधोमध बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. जुन्या ग्रंथकारांनी तिला चक्रलक्षणिका म्हटले ते यामुळेच.

आपल्या पूर्वजांनी वनस्पतींना नावे देताना किती बारकाईने पाहिले होते, याचे गुळवेल हे उत्तम उदाहरण आहे. छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी. वत्सादनी, म्हणजे वासरे आवडीने खातात ती. कुंडलिनी, म्हणजे वेटोळी घालत चढणारी. आणि अमृता तर सर्वांना ठाऊक आहे. भावप्रकाशात तिची कथा येते. रावणवधानंतर रणात पडलेल्या वानरांवर इंद्राने अमृत शिंपडले, ते उठले, आणि त्यांच्या अंगावरून जिथे जिथे थेंब ओघळले तिथे तिथे गुळवेल उगवली.

कथा बाजूला ठेवली तरी हे नाव तिला शोभते. झाडावर चढलेली गुळवेल बुंध्यापाशी कापून टाका. वरचा भाग सुकून जाईल असे आपल्याला वाटते. पण काही दिवसांत त्या लोंबत्या खोडातून दोऱ्यासारखी बारीक मुळे खाली सुटतात, वाऱ्यावर हलत हलत जमिनीपर्यंत येतात आणि वेल पुन्हा मातीला धरते. सुतळीच्या गुंड्याला लोंबती टोके असावीत तशी ही मुळे दिल्लीतल्या पार्कांमध्ये, कडुलिंबाच्या फांद्यांखाली पावसाळ्यात सहज पाहायला मिळतात. मुलांना एकदा मुद्दाम दाखवा.

चरकसंहितेत बुद्धी वाढवणाऱ्या चार रसायनांत गुळवेलीचा रस आहे. ज्वर आणि वातरक्त यांवरच्या औषधांत ती पुन्हा पुन्हा भेटते. महाराष्ट्रात तापानंतरच्या अशक्तपणाला अमृतारिष्ट आणि अंगातल्या कडकीला गुळवेल सत्त्व ही घरोघरची ओळखीची औषधे. सत्त्व म्हणजे खोड ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायचे, कुस्करून गाळायचे आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. हे आमच्या आजीच्या पिढीपर्यंत गावाकडे घरीच होत असे.

म्हणजे औषध जुने आहे, अनुभवाचे आहे, यात वाद नाही. मग बिघडले कुठे?

वाद आणि वादातून निघालेले

मुंबईच्या डॉक्टरांचा लेख २०२१ साली यकृतविषयक भारतीय वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाला आणि गदारोळ उठला. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये त्याला हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती हे लेखकांनी तपासून सिद्ध केलेले नाही, ती तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. ही दुसरी वेल म्हणजे टिनोस्पोरा क्रिस्पा. गुळवेलीचीच चुलत बहीण. आग्नेय आशियात आणि आपल्या ईशान्येकडच्या भागात ती होते, आणि यकृताला तिने इजा केल्याच्या नोंदी आधीपासून आहेत.

डॉक्टर आपल्या मतावर ठाम राहिले. एवढेच नव्हे, तर देशातल्या अनेक शहरांतील यकृततज्ज्ञांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या आणि २०२२ साली ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. काढा सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता. कित्येकांच्या रक्ततपासणीत असे दिसले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटली आहे. काहींना हा दोष आधीपासून होता, पण तो सुप्त होता. त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. गुळवेलीने तो उघडा पाडला, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने पुन्हा निवेदन काढून गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले, मात्र त्याच निवेदनात तिच्यासारख्या दिसणाऱ्या वेलींपासून सावध राहण्याचा इशारा दिला आणि दोघींमधला फरकही छापला.

हा वाद तज्ज्ञांनी जरूर लढवावा. घरात पातेले गॅसवर ठेवणाऱ्या बाईने मात्र दोन्ही बाजूंचे म्हणणे शांतपणे ऐकले तर तिच्या लक्षात येईल की तिच्यापुरता तो वाद फारसा उरतच नाही. मंत्रालय म्हणते वेल चुकीची असेल. डॉक्टर म्हणतात वेल बरोबर असली तरी घेणाऱ्याची प्रकृती तिला सोसणारी नसेल. दोघांपैकी कोणीही बरोबर असो, न ओळखता तोडलेली आणि न विचारता प्यायलेली वेल कोणाच्याच हिशेबात बसत नाही.

आणखी एक गोष्ट फारशा कोणाच्या ध्यानात आली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने कोरोनासाठी आयुर्वेद आणि योग यांची जी मार्गदर्शक पद्धत जाहीर केली, त्यात गुळवेल घन ५०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा कोमट पाण्याबरोबर घ्यावा असे होते. किती दिवस? पंधरा दिवस किंवा एक महिना, वैद्याच्या सल्ल्याने. म्हणजे सरकारने घातलेली मर्यादा महिन्याची, आणि अभ्यासातल्या रुग्णांना त्रास सुरू झाला तो साधारण दीड महिन्याने. घराघरांत मात्र ही मुदत कोणी पाळली? गिलोय घ्या, एवढेच ऐकू आले. किती आणि कुठवर, हे वाक्य मोबाइलवरून फिरता फिरता गळून पडले.

खरे तर आयुर्वेदानेही कधी सरसकट सर्वांना, बारा महिने, एकच औषध सांगितलेले नाही. प्रकृती, वय, ऋतू, पचन पाहून वैद्य मात्रा ठरवतो, काही दिवसांनी नाडी पाहून ती बदलतो. जे लोक आयुर्वेदाचा अभिमान म्हणून वर्षभर काढा पीत राहिले, त्यांनी ना डॉक्टरांचे ऐकले ना आयुर्वेदाचे.

परदेशातली जांभळी गुळवेल

असे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतल्या घरांच्या पुढच्या बागेत एक देखणे फूल असते, पर्पल कोनफ्लॉवर. जांभळट गुलाबी पाकळ्या खाली झुकलेल्या आणि मध्ये तपकिरी केशरी, काटेरी घुमट. या काट्यांमुळेच त्याला काटेरी हेजहॉगसाठीच्या ग्रीक शब्दावरून एकिनेशिया हे नाव मिळाले. तिथले मूळ रहिवासी आपल्या मैदानी प्रदेशातल्या एकिनेशियाची मुळे जखमांवर, दाढदुखीवर, सर्पदंशावर वापरत. एकोणिसाव्या शतकात एका औषधविक्याने त्यापासून 'रक्तशुद्धी'चे औषध काढून विकले. पुढे जर्मनीत त्याचा मोठा धंदा झाला आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात सर्दीवरचे, प्रतिकारशक्तीचे औषध म्हणून अमेरिकेत त्याची लाटच आली. तिकडे राहणाऱ्या आपल्या भाच्या-पुतण्यांच्या औषधाच्या कपाटात एकिनेशियाची बाटली हमखास सापडेल. आपल्याकडेही होमिओपॅथीच्या दुकानात त्याचा अर्क मिळतो.

इतक्या वापरानंतर हाती काय लागले? २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने २४ चाचण्या, साडेचार हजारांहून अधिक माणसे, असा सगळा पुरावा तपासला. एकिनेशियाने सर्दी बरी होते असे काही खात्रीने म्हणता आले नाही. थोडाफार प्रतिबंध होत असेल, पण तोही किरकोळ. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१२ मध्येच बारा वर्षांखालील मुलांना ते देऊ नये असे सांगितले. ज्यांची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते अशा रुग्णांनी ते टाळावे, हा इशारा तर त्याच्या डब्यांवरही असतो. गुळवेलीच्या बाबतीत आपल्याला जे उशिरा उमगले, तेच हे.

भेसळीची गोष्ट त्याहून गमतीची. एकिनेशियाच्या मुळांच्या नावाखाली तिकडे वर्षानुवर्षे एका दुसऱ्याच झाडाची मुळे विकली जात होती. ते झाड पार्थेनियम कुळातले होते. हे नाव ऐकल्यासारखे वाटते ना? आपले गाजर गवत याच कुळातले. १९५६ साली पुण्यात प्रथम नोंदले गेलेले आणि नंतर देशभर पसरलेले, अंगाला खाज आणणारे गाजर गवत! त्याच्याच एका अमेरिकन भावंडाची मुळे लोक सर्दीचे औषध म्हणून विश्वासाने घेत होते. नाव बाटलीवर लिहिलेले असले म्हणजे आत तेच असते, असे नाही.

ओळख पटवायची कशी?

गुळवेल आणि क्रिस्पा यांची पाने पाहून फरक करायला गेलात तर फसाल. दोघींचीही हृदयाच्या आकाराची. तशी तर वासनवेल, पहाडवेल, गारवेल, कुंडीतला मनीप्लांट यांचीही पाने थोडीफार तशीच. चवीवरूनही ओळखू नका, कारण कडू दोघी आहेत.

खोडाकडे पाहा. गुळवेलीच्या जुन्या खोडावर बारीक पांढुरके ठिपके असतात, हात फिरवला तर किंचित खरखर लागते. क्रिस्पाचे खोड करडे आणि त्यावर ठसठशीत गाठी. मुरमांनी भरलेल्या गालासारखे. क्रिस्पा तोडली तर दुधी चीक येतो, गुळवेलीतून तसा येत नाही. फळे असतील तर काम सोपे. गुळवेलीची फळे वाटाण्यासारखी गोल आणि पिकल्यावर लाल, क्रिस्पाची लांबट आणि नारिंगी. फुलांच्या पाकळ्या गुळवेलीला सहा, क्रिस्पाला तीन, पण त्या मोजायला भिंग घेऊन बसावे लागेल.

ताजी वेल समोर असेल तोवर हे सगळे करता येते. चूर्ण झाल्यावर, रस निघाल्यावर डोळ्यांना काहीच कळत नाही. खारी बावलीतल्या काढ्याच्या सामानाच्या दुकानांत वाळलेल्या तुकड्यांची पोती असतात. फतेहपुरी मशिदीपासून आत शिरले की शिंकांनीच स्वागत होते, मसाला आणि जडीबुटी शेजारी शेजारी. तिथल्या जाणत्या दुकानदारांची नजर तयार असते, आपली नसते. घ्यायचेच असेल तर परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख असलेली सीलबंद वस्तू घ्यावी आणि वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आहे का ते पाहावे.

या बाजाराच्या दुसऱ्या टोकाला आपलीच माणसे आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी तरुणांनी सह्याद्रीच्या जंगलातून गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. पुढे वनधन केंद्राच्या मदतीने त्यांना मोठमोठ्या औषध कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची, सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाली. कोरोनाच्या काळात रोजगार बुडालेल्या त्या पाड्यांवर या वेलीने चूल पेटती ठेवली. वेल ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

कडुलिंबावरची गिलोय अधिक गुणकारी, ही दिल्लीतली पक्की समजूत. म्हणून पार्कांतले आणि रस्त्याकडेचे कडुलिंब लोक हेरून ठेवतात. झाडाचा गुण वेलीत किती उतरतो ते वैद्यांनी सांगावे, पण रस्त्याच्या कडेच्या वेलीवर धूळ आणि धूर किती उतरतो ते दिल्लीकराला सांगायला नको. पार्कातल्या झाडांवर माळ्याने कुठले कीटकनाशक कधी फवारले, हेही आपल्याला ठाऊक नसते.

कोणी घेऊ नये?

हा भाग मात्र घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा.

प्रतिकारशक्ती वाढवणे हे नेहमीच चांगले, असा आपला समज आहे. पण आमवात, ल्युपस, सोरायसिस, थायरॉईडचा हाशिमोटो प्रकार, यकृताचा स्वप्रतिकार दाह अशा आजारांत शरीराची संरक्षक यंत्रणा कमजोर नसते, उलट बिथरलेली असते. घराचा राखणदारच घरच्यांना चावू लागला तर त्याला आणखी चेतवून काय साधणार? हे आजार स्त्रियांमध्ये अधिक आढळतात. आणि घरात सर्वांना काढा देऊन उरलासुरला स्वतः पिणारी बहुधा तीच असते. सांधे दुखतात म्हणून ती आणखी एक पेला घेते, आणि सांधे कशाने दुखतात हे मात्र कधी तपासलेले नसते.

ज्यांना यकृताचा जुना आजार आहे, कावीळ होऊन गेली आहे, मूत्रपिंड किंवा यकृताचे प्रत्यारोपण झाले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेलीच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहाच्या रुग्णांनीही सांभाळावे. गुळवेलीने साखर उतरते आणि वर गोळ्या चालू असतील तर ती नको तितकी उतरू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसेच शस्त्रक्रिया ठरलेली असेल त्यांनी, आपल्या मनाने मुळीच घेऊ नये.

जे घेत आहेत त्यांनी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. भूक एकदम मेली, मळमळू लागले, विनाकारण थकवा येतो, अंगाला खाज सुटते, लघवी गडद चहासारखी होते, डोळे पिवळे दिसतात. यातले काहीही जाणवले तर काढा त्याच दिवशी बंद करावा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. मुंबईच्या डॉक्टरांचा अनुभव असा की वेळीच थांबवल्यावर बहुतेकांची कावीळ उतरत गेली. डॉक्टरांकडे गेल्यावर "औषध काही चालू आहे का?" या प्रश्नाला "नाही" असे उत्तर देऊ नका. काढा हे औषधच आहे. घरचे आहे म्हणून ते सांगायचे नाही, असे केल्यामुळे निदानाला कित्येक आठवडे उशीर होतो.

बाल्कनीतली हिरवी जाळी

एवढे वाचून कोणी दारातली गुळवेल उपटायला निघाले असेल तर थांबा. वेल म्हणून ती गुणाचीच आहे. दिल्लीच्या हवेत, जिथे मे महिन्यात कुंडीतली निम्मी झाडे होरपळतात, तिथे बिनबोभाट तग धरणाऱ्या मोजक्या वेलींत तिचा नंबर लागतो.

लावणी पावसाच्या तोंडावर, जून-जुलैत करावी. बोटाएवढ्या जाड खोडाचा वीतभर तुकडा घ्यावा, त्यावर निदान दोन डोळे असावेत. खालचा डोळा मातीत, वरचा बाहेर. तुकडा उलटा लावला जाऊ नये म्हणून तोडतानाच खालच्या टोकाला तिरका काप द्यावा. बारा इंची कुंडी, बागेतली माती, थोडी वाळू आणि शेणखत. खताचे लाड नकोत, पाणी साचू देऊ नये. सकाळचे ऊन येते तिथे ठेवून बाल्कनीच्या ग्रीलवर नायलॉनची जाळी किंवा सुतळी ताणून दिली की पहिल्याच पावसाळ्यात ती वर धावते. दुसऱ्या वर्षी तर इतकी माजते की शेजारच्या मजल्यावर जाऊन पोहोचते, तेव्हा कात्री हाताशी असू द्या. लहान झाडावर तिला चढवू नका. पेरू, लिंबू यांसारख्या झाडांना ती पार झाकून टाकते.

डिसेंबर-जानेवारीत पाने पिवळी पडून गळतात आणि उघडी, काथ्याच्या दोरासारखी खोडे तेवढी उरतात. नव्याने वेल लावलेल्या बायका या वेळी हटकून ती मेली असे समजतात. मेलेली नसते. पाणी कमी करून तसेच राहू द्यावे. होळीच्या सुमारास डोळ्यांतून पोपटी पाने फुटतात आणि एप्रिलच्या झळा सुरू होईपर्यंत जाळी पुन्हा भरते. उन्हाळ्यात बारीक पिवळट फुलांचे घोस येतात. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. त्यामुळे आपल्या वेलीला फुले येऊनही फळ धरत नसेल तर दोष खताचा नाही. मादी वेल असेल आणि जवळपास नर वेल असेल तर हिवाळ्यात लाल मण्यांसारखे घोस लटकतात. बुलबुल त्यांवर ताव मारतात.

तिसऱ्या वर्षी छाटणीत ढीगभर खोडे निघतील आणि मैत्रिणी, शेजारणी तुकडे मागायला येतील. ते जरूर द्यावेत. फक्त प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर वेलीचे पूर्ण नाव लिहावे. कारण तुमच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून तिच्या जावेकडे आणि तिथून माहेरी, असा प्रवास करीत तो तुकडा चौथ्या घरी पोहोचतो तेव्हा तिथल्या सूनबाईंना एवढेच सांगितलेले असते, "कसलीशी औषधी वेल आहे, उकळून प्यायची."